रणाच्या चिखलात गाडी रुतली तर

गाडी सांगून रुतते. मागून कोणी पदर धरावा तशी ती एकाएकी जड होते, इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागायला लागतं. हे सगळं एका श्वासात होतं. त्याच श्वासात रेस सोडली तर अर्ध्या-पाऊण तासात माणूस बाहेर येतो. रेस दिली तर दिवस गेला. डिसेंबर २०१९ मध्ये कच्छच्या छोट्या रणात, बजाण्याच्या बाजूला, मी रेस दिली होती आणि साडेचार तासांनी बाहेर आले. त्या दिवशी जे शिकले आणि पुढे दर हिवाळ्यात रणात जाताना जे पक्कं होत गेलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. थंडी पडली की आपल्याकडून कच्छकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात आणि त्यातल्या पुष्कळ फोर बाय फोर असतात. फोर बाय फोर आहे म्हणून रुतणार नाही, असं धरून चालणारा माणूस रणात जास्त आत जाऊन रुततो.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षं आणि कांदा करणारी. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलेला लहानपणापासून पाहत आले, ओढायलाही मदत केली आहे. त्यामुळे चिखल आपल्याला कळतो, असं मला वाटत होतं. पण काळ्या रानातला चिखल वरून मऊ असतो आणि खाली गेलं की कुठेतरी मुरमाचा, कडक थराचा आधार लागतो. रणात नेमकं उलटं असतं. वरचा थर टणक, आणि खाली लोणी.

हा चिखल आधी समजून घ्या

रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. छोट्या रणात तसलं काही नाही. ही एके काळची समुद्राची खाडी आहे, गाळाने भरून आलेली. पावसाळ्यात बनास, रूपेण अशा नद्यांचं पाणी इथे येऊन पसरतं, आणि नैऋत्येच्या वाऱ्याने कच्छच्या आखाताचं खारं पाणीही सूरजबारीच्या खाडीतून आत ढकललं जातं. इथल्या घुडखर (रानगाढव) अभयारण्याचा पसारा ४,९५३ चौरस किलोमीटरचा आहे. त्यातला बराचसा भाग पावसाळ्यात उथळ पाण्याखाली असतो. पाऊस संपला की हे पाणी आटतं, पण आटतं ते वरून. ऊन आणि वारा वरचे दोन-चार इंच वाळवतात, त्यावर मिठाची पांढरी साय धरते, आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसं खालचं ओलं झाकलं जातं. मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे खालचा काळपट राखाडी गाळ महिनोन्‌महिने सुकत नाही. माणूस त्या सायीवर खुशाल चालतो. गाडी ती फोडून आत जाते.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. दोन पायांवर उभ्या माणसाचा जमिनीवरचा दाब टायरच्या दाबापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून ‘आम्ही चालून पाहिलं, जमीन घट्ट आहे’ याला काही अर्थ नाही. मी आता चालून पाहते तेव्हा एका टाचेवर सगळं वजन टाकून दोनदा जोरात आपटते. टाच बसली आणि खड्ड्याच्या तळाला ओल चमकली की तिथे गाडी नाही. सोबत द्राक्षबागेतला एक बांबू असतो, तो उभा धरून दाबते. एका हाताच्या जोराने वीतभर आत गेला तर परत फिरते.

दुसरी खूण घुडखराची. त्याचा खूर लहान आणि वजन चांगलं, त्यामुळे जमीन किती मऊ आहे हे तो आपल्यापेक्षा खरं सांगतो. ठसा नुसता उमटला असेल तर ठीक. ठशाच्या कडा वर उचलल्या गेल्या असतील आणि तो बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल असेल तर थांबा. रंगही बघा. भेगाळलेली, फिकट तपकिरी, कडा वर वळलेली जमीन बहुतेक वेळा चालते. सपाट, गडद, तुकतुकीत पट्टा दिसला तर तो टाळा. गुळगुळीत अखंड पांढरी पापुद्र्यासारखी जमीन फोटोत सगळ्यात सुंदर दिसते, आणि तीच सगळ्यात फसवी.

आणि दिवस कोणता आहे तेही विचारा. कॅलेंडरात जानेवारी आहे म्हणून रण सुकलं असेलच असं नाही. अवकाळी पाऊस होऊन गेलेला असतो, त्याला तिकडे मावठुं म्हणतात. कधी नर्मदेच्या कालव्यांचं जादा पाणी रणात उतरतं आणि मीठ पिकवणाऱ्यांचे आगर बुडवतं. त्या पट्ट्यात ऐन हिवाळ्यात चिखल असतो. नकाशावर यातलं काहीच दिसत नाही. अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते, ती काढताना स्थानिक वाटाड्या घ्याच, आणि त्याला पहिला प्रश्न हाच करा की या आठवड्यात पाणी कुठे आहे.

माझी चूक कुठे झाली

वाटेवर पाणी साचलेलं होतं, पंधरा-वीस फूट लांब. मी वळसा घेतला. एवढंच. वाट शेकडो गाड्यांनी दाबून घट्ट केलेली असते, त्यामुळे पाण्याखाली बऱ्याचदा तीच सगळ्यात कडक जमीन असते. बाजूची जमीन कोरडी दिसत होती, पण तिच्यावर कोणीच गेलेलं नव्हतं, आणि का गेलेलं नव्हतं हे मी विचारलं नाही. आता मी उतरते, गमबूट घालून बांबूने पाणी चाचपत पलीकडपर्यंत जाते, तळ लागला तर सरळ पाण्यातून गाडी घालते, नाही लागला तर आल्या वाटेने मागे जाते. वळसा घेत नाही. अभयारण्यात वाट सोडायची नाही हा नियम जनावरांसाठी आहे, हे खरं. तो गाडीसाठीही आहे हे मला त्या दिवशी कळलं.

डावीकडची दोन्ही चाकं बसली. शेजारी बहिणीचा मुलगा होता. ‘मावशी, दे ना अजून थोडी रेस, निघेल!’ मी दिली. तीन सेकंद, जास्तीत जास्त चार. चाकं जागच्या जागी फिरली, काळ्या गाळाची चिळकांडी मागच्या काचेवर उडाली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. टायरच्या खाचा चिखलाने भरून टायर सपाट रुळासारखा झाला, आणि चाकाने स्वतःच्या मापाचं खोल ताट कोरून घेतलं. त्या चार सेकंदांचं खोदकाम आम्ही पुढचे चार तास करत होतो.

पहिली दहा मिनिटं

रेस सोडा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू असू द्या. सगळ्यांना उतरवा, चार माणसं म्हणजे अडीच-तीनशे किलो. उतरताना दाराखाली काय आहे ते बघून उतरा, चप्पल चिखलात राहते आणि खाऱ्या गाळाने पायावरची बारीकशी खरचटही रात्रभर चरचरते. गमबूट घाला. मग पाणी प्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. रणात सावली नसते, हिवाळ्यातही दुपार तापते, आणि घाबरलेला माणूस तहान विसरतो.

आता गाडीभोवती एक फेरी मारा आणि खाली वाकून दोनच गोष्टी पाहा. चाकं किती बसली आहेत, आणि पोट टेकलं आहे का. पोट म्हणजे मागच्या-पुढच्या ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा (ताकद दोन्ही चाकांत वाटणारे गिअर असतात तो), गिअरबॉक्सखालचा पत्रा, आणि दारांखालची पट्टी. चाकं निम्म्याच्या आत आहेत आणि पोट मोकळं आहे तर तुमच्या एकट्याच्या गाडीने तुम्ही निघू शकता. पोट टेकलं असेल तर गाडीचं वजन चाकांवर राहिलेलंच नाही, ते चिखलावर आहे; मग चाकं कितीही फिरवा, पकड येणार नाही.

मला हे मीठ पिकवणाऱ्या एका अगरिया भाईंनी दाखवलं. त्यांची झोपडी किलोमीटरभरावर होती, गाडीचा आवाज ऐकून ते आणि त्यांचा मुलगा चालत आले. चाकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मागे जाऊन सरळ गुडघ्यांवर बसले, हात खाली घातला आणि म्हणाले, ‘पेट अडी गयुं छे, बेन.’ पोट टेकलंय.

हवा सोडणं

पोट मोकळं असेल तर पहिलं काम हवा सोडण्याचं. रस्त्यावर माझ्या फोर बाय फोर थारमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. रणात रुतल्यावर मी चारही चाकांत १५ वर आणते. टायर पसरतो, त्याची जमिनीला टेकणारी पट्टी लांब होते आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १२ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो आणि चिखलात तो परत बसवणं म्हणजे निराळंच संकट. हवेचा गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा पंप जवळ नसेल तर हवा सोडू नका, कारण परत भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेगाने जाता येत नाही.

मग फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी संथ गिअरची जोडणी. पहिला नाही, दुसरा गिअर; पहिल्यात चाकाला एकदम झटका मिळतो आणि ते सुटून फिरतं. नव्या गाड्यांत चाक घसरलं की त्याला आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल असतो, तो मध्येच ताकद तोडत असेल तर बंद करा. पुढे जायचा मोह सोडा. ज्या चाकोरीने आलात ती जमीन तुम्ही स्वतः दाबलेली आहे आणि तिने तुम्हाला इथपर्यंत पेललं होतं. म्हणून रिव्हर्स. क्लच हळू सोडायचा, रेस इतकीच की इंजिन बंद पडू नये, आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं, म्हणजे टायरच्या कडांना नवी जमीन लागते. चाक फिरलं आणि गाडी हलली नाही की लगेच थांबा. दोनदा करून पाहा. तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही, फावडं काढा.

खोदणं, म्हणजे खरं काम

चिखल गाडीला दोन तऱ्हांनी धरतो. एक, चाकापुढे आडवा येतो. दुसरं, खालून चोखून धरतो. दुसरं कोणी लक्षात घेत नाही. ओला चिकण गाळ टायरच्या बाजूला आणि पोटाच्या सपाट पत्र्याला असा चिकटतो की मध्ये हवाच राहत नाही. मग गाडी उचलायला गेलं की तो तिला खाली ओढतो. ही पकड तोडायची तर आत हवा घालावी लागते. त्या भाईंनी आमच्याकडची पहार घेतली, टायरच्या भिंतीला चिकटून खाली खुपसली आणि नुसती मागे-पुढे हलवली. दोन-तीन हिसक्यांत खालून ‘फस्स’ असा लांब आवाज आला आणि गाळात बुडबुडे आले. तसं चाकाभोवती सहा-सात ठिकाणी केलं. गाडी काही वर आली नाही, पण ती सुटली हे बाजूला हात ठेवला तरी कळत होतं. आधी दगडासारखी बसलेली गाडी आता धक्क्याला डोलत होती.

फावडं लांब दांड्याचं, टोकदार आणि अरुंद पात्याचं घ्या. गाडीतलं छोटं घडीचं फावडं पोटाखाली पोचत नाही. पालथं झोपून हात लांब करून खोदावं लागतं, त्यासाठी ताडपत्री अंथरा. हा गाळ पात्याला सोडत नाही, प्रत्येक घासाला पातं खुरप्याने खरवडावं लागतं, म्हणून मी खुरपं सोबत ठेवते. आधी पोटाखालचा गाळ काढा, मग प्रत्येक चाकाच्या मागे, म्हणजे ज्या बाजूला निघायचं आहे तिकडे, उतार खोदा. उतार लांब हवा, तीन-चार फूट. चाकाला पायरी चढायला लावू नका, त्याला घाट द्या. पाणी झिरपून खड्ड्यात येतंच. डब्याने उपसून टाका आणि एक बारीक चारी काढून ते बाजूला वळवा. काढलेला गाळ निघायच्या वाटेवर टाकू नका. घाईत सगळे नेमकं तेच करतात.

उतार झाला की त्याला तळ द्यायचा. माझ्याकडे त्या वेळी कांद्याच्या बारदानाच्या दहा-बारा गोण्या होत्या, सामानाखाली अंथरलेल्या. आम्ही लांबून कोरडी भेगाळलेली माती गोण्यांत अर्धी-अर्धी भरून आणली. भाईंच्या मुलाने ती माती उतारावर पसरली आणि दोघे बापलेक अनवाणी पायांनी ती तुडवायला लागले. बारीक पावलं, टाच आधी, एकाच लयीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मिठागराचा तळ हे लोक हंगामाच्या सुरुवातीला असाच दिवसचे दिवस तुडवून घट्ट करतात, म्हणजे त्यात भरलेलं खारं पाणी जमिनीत मुरत नाही. वीस मिनिटांत तो उतार आपल्या अंगणातल्या चोपलेल्या जमिनीसारखा झाला. त्यावर रिकाम्या गोण्या एकीवर एक अर्ध्या येतील अशा अंथरल्या, पहिलीचं टोक टायरखाली खुपसून.

आता माझ्याकडे ट्रॅक्शन बोर्ड (टायरखाली घालायच्या दातेरी फळ्या) आहेत, गोण्याही आहेत. बोर्ड वापरताना दातांची बाजू वर, आणि बोर्ड टायरखाली नीट घुसेपर्यंत खोदा. नुसता टेकवून ठेवला तर चाक त्याला भिरकावतं. म्हणून गाडी हलत असताना चाकांच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. बोर्डला लाल दोरी बांधा. गाडी त्यावरून गेली की तो चिखलात नाहीसा होतो, दोरी नसेल तर शोधत बसाल. वेड्या बाभळीच्या फांद्या घालायचा सल्ला कोणी देईल. रणातल्या उंचवट्यांच्या, म्हणजे बेटांच्या, कडेला ती भरपूर आहे, पण तिचा काटा टायरमध्ये जातो, आणि अभयारण्यात झाड तोडायचं नाही.

पोट फार खोल टेकलं असेल तर जॅक लावून चाक उचलून त्याखाली भरणी घालावी लागते. जॅक चिखलावर ठेवला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. त्याखाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा दीड फूट चौकोनी तुकडा ठेवा, आणि प्लायखाली भरलेली गोणी. उचललेल्या गाडीखाली हात, डोकं, काहीही घालू नका. भरणी फावड्याने ढकला. चिखलावर उभा केलेला जॅक कधीही सरकतो.

दुसऱ्या गाडीने ओढणं

सोबत दुसरी गाडी असेल तर तिला लांब ठेवा. मदतीच्या ओढीने ती जवळ येते आणि मग दोन्ही रुततात. घट्ट जमीन जिथे खात्रीने आहे तिथेच ती उभी राहील. मधलं अंतर दोर जोडून भरून काढा. माझ्याकडे नऊ मीटरचा नायलॉनचा ताणला जाणारा दोर आहे आणि त्याला जोडायला तीस मीटरचा न ताणणारा पट्टा.

आधी खोदा, मग ओढा. पोट गाळात असताना हिसका दिला तर चेसिसचा हूक उपटून येतो. पहिली ओढ हिसक्याशिवाय द्या: दोर सावकाश ताणायचा, रुतलेल्या गाडीनेही त्याच वेळी रिव्हर्समध्ये हलकी रेस द्यायची. नाहीच निघाली तर ताणणाऱ्या दोराला दीड-दोन मीटर ढील देऊन, चालण्यापेक्षा जरा जास्त वेगाने ओढायचं. असा दोर आपल्या लांबीच्या साधारण तीस टक्के ताणला जातो आणि ती साठलेली ताकद गाडीला उपसून काढते. साखळी किंवा तारेचा दोर हिसक्याला कधीच वापरू नका.

दोर लावायचा तो चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी हूकला. मागे ट्रेलर ओढायचा जो गोल गोळा असतो त्याला कधीही नाही. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो. त्याने माणसं मेली आहेत. दोर हुकाला जोडायची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, वजन कोरलेला घ्या, माझे ४.७५ टनांचे आहेत, आणि पिन पूर्ण आवळून पाव आटा सैल करा, नाहीतर ओढल्यावर ती उघडत नाही. दोरावर मध्यभागी ओली गोणी किंवा जाड घोंगडी टाका, तुटला तर ती त्याला खाली पाडते. आणि बघ्यांना मागे हटवा. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांखेरीज कोणी नाही. फोटो काढणारा भाचासुद्धा नाही.

विंच, म्हणजे गाडीला बसवलेलं तार गुंडाळून ओढणारं यंत्र, असेल तर रणात तिची तार बांधायला झाड नसतं. स्टेपनी पुरून तिला तार बांधून ओढता येतं: तीन फूट खोल चर, त्यात सपाट बाजू गाडीकडे करून उभा टायर, आणि तार बाहेर यायला तिरकी खाच. हे काम दोन तासांचं आहे. मी एकदाच केलं आहे, आणि त्या मानाने गावातून ट्रॅक्टर बोलावणं मला कधीही बरं वाटतं.

ट्रॅक्टर आला तर त्याला वाट सांगू नका, त्याला ठाऊक असते. डिझेलचे आणि मोडलेल्या दिवसाचे पैसे आधी विचारा आणि घासाघीस न करता द्या. एक गोष्ट मात्र तुम्ही सांगा: आगरांच्या पाळीवरून गाडी ओढायची नाही. पाळ फुटली तर कोणाच्या तरी महिन्यांच्या कष्टाचं पाणी वाहून जातं.

दुपारनंतर रुतलात तर

त्या दिवशी आम्ही साडेबाराला रुतलो म्हणून पाच वाजता बाहेर होतो. आता चारला रुतले तर मी खोदकाम सुरूच करणार नाही. रणात अंधार पडला की दिशा राहत नाही. चारी बाजू सारख्या, खूण कसली नाही. दिवसासुद्धा मृगजळात लांबची झोपडी जवळ दिसते आणि कोरडी जमीन तळ्यासारखी चमकते. गाडी सोडून चालत निघू नका. रुतल्याबरोबर फोनवर आपली जागा नोंदवा, नेटवर्क असेल तेव्हाच वाटाड्याला आणि गावातल्या एका माणसाला ती पाठवा, मग गाडीत बसा. रात्री चांगलीच थंडी पडते, माणशी एक घोंगडी हवीच. पाणी माणशी पाच लिटर, हात-तोंड धुवायचं वेगळं. अगरियांच्या झोपडीत पाणी मागायची वेळ आली तर प्यायलाच मागा. त्यांचं पिण्याचं पाणी टँकरने येतं, त्यात चिखलाचे हात धुऊ नका.

बाहेर आल्यावर

गाडी सुटली की थांबू नका, घट्ट वाट येईपर्यंत त्याच संथ चालीने चला. मग परत या आणि खड्डे बुजवा. आम्ही अंधार पडेपर्यंत बुजवत होतो, कारण रात्री घुडखरं तिथून जातात आणि त्यांच्या शिंगरांचे पाय बारीक असतात.

टायरमध्ये हवा भरा, ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहा, रेडिएटरच्या जाळीवरचा गाळ काढा, नाहीतर हायवेला इंजिन तापेल. साठच्या वर गेल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर घाबरू नका, रिमच्या आतल्या बाजूला एका कडेला गाळ सुकून बसलेला असतो, तो काढला की थांबतं.

हा चिखल खारा आहे हे विसरू नका. शक्यतो त्याच दिवशी गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा. सुकलेला गाळ जेटनेही निघत नाही, म्हणून आधी नुसतं भिजवून पंधरा मिनिटं थांबा. चेसिसच्या दांड्यांना जी भोकं असतात त्यांत पाइप घालून पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. मी अहमदाबादच्या वाटेवर एकदा धुतली, घरी येऊन दुसऱ्यांदा धुतली, आणि तिसऱ्या दिवशी मडगार्डच्या शिवणीतून पुन्हा पांढरी रेघ फुटलेली दिसली, म्हणून तिसऱ्यांदा. दोर आणि पट्टेही साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा.

शेवटी, डिफरन्शियल पाण्यात-गाळात तास-दोन तास बुडाला असेल तर त्याचं तेल काढून बघाच. तापलेला गोळा थंड चिखलात बसला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे गोळ्याला हवा घ्यायला ठेवलेल्या भोकातून, पाणी ओढून घेते. माझ्या मागच्या गोळ्याचं तेल दुधाच्या चहासारखं निघालं. आमच्या मेकॅनिकने ते बोटांच्या चिमटीत चोळून माझ्यापुढे धरलं, खारट वास येत होता. त्याने तेल बदललं आणि ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर, मागच्या दिव्याच्या मागे नेऊन बांधली. पुढच्या वर्षी रणातून आल्यावर तेल काढलं, ते मधाच्या रंगाचं होतं.